आमच्या घरचं पानी

मी तोंडाची फटकळ. गल्लीत कुणालाही विचारा. नळाला मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढणाऱ्या एका शेजाऱ्याला मी असं झापलं होतं, की त्यानं मोटर काढून गच्चीवर नेऊन ठेवली. आणि अशा बाईच्या पोटची पोरगी साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. बाया म्हणायच्या, "आईनंच सगळं बोलून टाकलं, लेकराला काय उरलं?" मी त्यांच्यासोबत हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

माझं माहेर देवगाव रंगारीच्या पुढं, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचं. नवऱ्याला बिडकीनकडं कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही शहरात आलो. लहानपणी शाळेत धडा वाचताना मी 'पाणी'ला 'पानी' म्हणाले होते. बाईंसकट सगळा वर्ग हसला, आणि मग 'पाणी, पाणी' घोकायला लावून मला घंटा होईस्तोवर उभं ठेवलं. तेव्हाच ठरवलं, आपलं लेकरू असं उभं राहणार नाही. म्हणून नवऱ्याला "कव्हा आले? जेवले का नाय?" असं विचारणारी मी, लेकीशी मात्र बातम्या दिल्यासारखी बोलायचे. "बाळा, हा चमचा आहे. चमचा म्हण. म्हण ना. अगं म्हण!"

जवळच्या शाळेत बालवर्गासाठी नेलं, तर त्यांनी फॉर्म परत दिला. "पुढच्या जूनला आणा. तोवर बोलायला लागली तर घेऊ, नाहीतर वेगळ्या शाळेचं बघा." रस्ताभर मी त्या शाळेला शिव्या घातल्या. पोरगी माझं बोट धरून चालत होती, तिला काय त्याचं!

मग एका सकाळी सहा दिवसांनी नळ आला. गल्लीभर एकच ओरडा, "पानी आलं! पानी आलं!" पोरगी पळत आली, माझा पदर ओढला, नळाकडं बोट केलं आणि म्हणाली, "पानी!"

तिचा पहिला शब्द. आणि मी काय करावं? मी खाली वाकले आणि म्हणाले, "पानी नाही बाळा. पाणी. म्हण, पाणी."

तिनं माझ्या ओठांकडं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. पुढं दोन महिने हूं की चूं नाही. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

शेवटी क्रांती चौकाजवळ वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत असं कळलं. त्यांनी आधी कान तपासून आणायला लावले. कान ठणठणीत निघाले. मॅडम माझ्या धाकट्या बहिणीएवढी पोर. मला वाटलं, ही काय शिकवणार! तिनं खाली सतरंजी टाकली, साबणाच्या फुग्यांची बाटली घेतली, दोन-चार फुगे उडवले आणि झाकण घट्ट लावून पोरीसमोर धरली. मग नुसती बसून राहिली.

"ताई, आता मनात पाच मोजा. तोवर आपण कुणी बोलायचं नाही, तिला मागू द्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, 'म्हण' म्हणायचं नाही."

मी आणि पाच मोजायचे! तीनपर्यंत कशीबशी जायचे आणि तोंडातून 'म्हण' निसटायचंच. मॅडम काही न बोलता फक्त बोट वर करायच्या. मी पुन्हा एकपासून सुरू.

"ही आजवर काहीच बोललेली नाही का?" असं त्या दर वेळी विचारायच्या. तीनदा मी साफ नाही म्हणाले. चौथ्यांदा मात्र बांध फुटला. नळाचं सगळं सांगितलं. "मीच तिचं तोंड बंद केलं हो," म्हणून ढसाढसा रडले.

मॅडमनी आधी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तिला बोलायला उशीर झालाय, त्यात तुमचा दोष नाही. कुठल्याच बोलीनं मूल मुकं होत नसतं. पण शब्द आला होता ना? मग तो मला लिहू द्या." आणि त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, 'पानी'. मी वाकून दोनदा पाहिलं. नळाचा न.

"घरी तुम्ही कसं बोलता?"

"गावंढळ."

"तसंच बोला तिच्याशी. तुम्ही ज्या भाषेत भांडता ना, त्याच भाषेत."

आता त्या भाषेत मला कोण हरवणार! "ये माय, इकडं बस. मी कनिक मळते, तुला पाहिजे का गोळा?" असं म्हणायचं आणि ओठ दाबून पाच मोजायचे. दिवसातून पन्नास वेळा. कधी पोरगी उठून निघून जायची, कधी मीच वैतागायचे. आणि एक दिवस दुधाचा पेला पुढं केला, तर ती मान फिरवून ठसक्यात म्हणाली, "नाय!" लेक 'नाय' म्हणाली म्हणून गल्लीत साखर वाटणारी बाई मी एकटीच असेन. मग 'दे' आलं, 'आन' आलं. पण 'पानी' काही परत आलं नाही. ते मी मागितलंही नाही.

जून आला. पुन्हा तीच शाळा. बाईंनी पोरीपुढं चित्र ठेवलं. नळ, खाली घागर. "यातून काय येतं गं?"

मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

"पानी."

बाई गोड हसल्या. "पाणी. पाणी म्हण बरं."

पोरीनं बाईंच्या ओठांकडं पाहिलं, अगदी तेव्हा माझ्याकडं पाहिलं होतं तसंच. मग ती माझ्याकडं वळली. मी लहानपणी त्या वर्गात जे बोलू शकले नव्हते, ते आता बोलले.

"बाई, आमच्यात पानीच म्हणत्यात. बरोबर सांगितलं तिनं."

आणि माझी पोरगी, दोन्ही हात वर करून, गल्लीतल्या बायांसारखी ओरडली, "पानी आलं!"

दोन शब्द तिनं पहिल्यांदाच जोडले होते. बाहेर रांगेतले लोक दारातून डोकावले. बाईंना हसू आवरेना. "आलं का? मग घागर भरा की पटकन," म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म पुढं ओढून सही केली.

मी तिला उचलून कडेवर घेतलं. ती माझ्या हनुवटीला धरून पुन्हा पुन्हा सांगत होती, पानी आलं, पानी आलं.

"व्हय माय," मी म्हणाले. "आलं. आलं एकदाचं."