नाकाचं पार्सल

राहनाळच्या कुरिअर ऑफिसातल्या बाई प्रत्येक पार्सल कानाशी हलवून बघायच्या, मगच सही घ्यायच्या. मी सुट्या भागांच्या सेटमधून प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचो. सेटमधलं नाक खऱ्या विमानासारखं नसलं, की सायबर कॅफेत बसून परदेशातून सुधारलेलं नाक मागवायचो.

"आज काय आलंय?" एकदा त्यांनी विचारलंच.

"विमानाचं नाक. बाकी विमान चांगलंय." मी डबी उघडली.

त्यांनी ते बोराएवढं नाक तळहातावर घेऊन निरखलं. "माणसांचं मिळतं का असं? आमचे हे चांगले हायेत, पण राग कायम नाकावर."

तेवढ्यात त्यांना न्यायला आलेल्या स्कूटरचा हॉर्न वाजू लागला. मागे बसताना त्या नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या. तो स्वतःच्या नाकाला हात लावून हसू लागला. मला तरी ते अगदी बरोबर बसलेलं दिसलं.