साडूच्या घरची रबरी कडी

मास्तर एका शिंप्याच्या दुकानात कापडाचं कटिंग करायचे. डोळे मिटून ताग्यावर बोटं फिरवायचे आणि सूत किती, पॉलिस्टर किती ते सांगायचे. त्या बोटांना दुसरी हौस एकच, व्हिडिओ गेमची. घरच्या जुन्या कन्सोलची बटणं घासून गुळगुळीत झाली होती, पण गाड्यांच्या शर्यतीत त्यांना हरवेल असा माणूस सगळ्या नात्यागोत्यात नव्हता.

ड्रायव्हिंग शिकवणारा त्यांचा साडू तर दर वेळी हरायचा. तेवढंच मास्तरांना समाधान. कारण बाकी सगळं आधी साडूकडे यायचं. त्याचा मोठा फ्रिज आला तेव्हा मास्तरांना त्याचा आवाज खटकला, घराला गॅलरी मिळाली तेव्हा तिथलं ऊन.

एका रविवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ह्यांनी नवा कन्सोल आणलाय. ताईला घेऊन या!"

मास्तरांनी आपल्या जुन्या कन्सोलची वायर गुंडाळून ठेवली आणि बायकोला घेऊन साडूकडे निघाले.

साडूने हातात दिलेला कंट्रोलर बघून मात्र त्यांना जरा बरं वाटलं. ना बटण, ना दांडी. बशीएवढी मऊ रबरी कडी, दोन्ही हातांनी धरून दाबायची आणि पिळायची.

"हे काय, लहान बाळाला चावायला आणलंय?" मास्तर म्हणाले.

"धरून तर बघा," साडू हसला.

मास्तरांनी धरली. पडद्यावरची गाडी खडीवर गेली आणि कडी तळहातात चरचरली. गवतावर ती मऊ पडली, चढावर अशी ताठ झाली की मनगटाला जोर लावावा लागला. ओल्या रस्त्यावर तर बोटांखालून रेशीम सरकावं तसं काहीतरी सरकलं. मास्तरांच्या अंगावर काटा आला. ही वस्तू आपल्याच बोटांसाठी घडवलीय, आणि पडली कुणाच्या पदरात? लोकर आणि गोणपाट यांतला फरक न कळणाऱ्या माणसाच्या!

"कशी वाटली?"

"ठीक आहे. टिकायची नाही."

"घामाने निसटते हो. मास्तर, हिला एखादं कव्हर शिवून द्याल?"

"माप घ्यायला न्यावी लागेल," मास्तर चटकन म्हणाले. "दोन दिवस."

कव्हर त्याच संध्याकाळी शिवून झालं. पातळ, सच्छिद्र कापड, आतून शिवण. पण कडी काही परत गेली नाही. आज कापड मिळालं नाही, उद्या सुई मोडली, असे निरोप जात राहिले. कन्सोलशिवाय ती निव्वळ रबर होती. दाबली तरी मुकी. तरी दुकानातून आल्यावर मास्तर ती हातात घेऊन बसायचे. आपल्याला खेळता येत नाही ना, मग त्यालाही नको.

नवव्या दिवशी बायकोला कपाटात तयार कव्हर सापडलं.

"अहो, हे कधी शिवलंत?"

मास्तर कव्हराची घडी घालू लागले.

"माझ्या बहिणीच्या घरात काही आलं की तुमच्या पोटात दुखतं. आताच्या आता चला."

वाटेत मास्तरांनी माफीचे शब्द जुळवून ठेवले. दारातच ते म्हणाले, "साडूभाऊ, कव्हर आधीच झालं होतं. मीच..."

"या या! खेळ अडला होता, म्हणून मी दुसरी आणली," साडू हातातली नवी कोरी कडी नाचवत म्हणाला. "बरंच झालं. आता दोघं मिळून खेळू!"

मास्तरांनी आणलेल्या कडीवर कव्हर चढवलं. ते खेळायला बसले. तीन शर्यती झाल्या, तिन्ही त्यांनी जिंकल्या. साडूची गाडी नाल्यात पडली तेव्हा तो मांडीवर थाप मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मेहुणीही हसली, बायकोही हसली. मास्तर तेवढे दातओठ खाऊन वळणं घेत होते.

परतताना बायको म्हणाली, "जिंकलात ना? मग तोंड का असं?"

"त्याच्या कन्सोलवर जिंकलो," मास्तर म्हणाले आणि भराभरा पुढे चालू लागले.