लाल ठिपका

शेंगा सोलता सोलता माझी नजर सारखी आवाज टिपणाऱ्या त्या इवल्याशा यंत्राकडे जात होती. त्यावर लाल ठिपका पेटला होता. आमच्या बोलीचा अभ्यास करायला आलेली मुलगी म्हणाली, "आजी, रोज बोलता तसंच बोला." आता रोज मी कशी बोलते, हे मला कुठं ठाऊक? वाणसामान बांधून आलेल्या छापील कागदांवरून वाचायला शिकलेली मी, एकदम छापल्यासारखी बोलू लागले. धाकटी जाऊ दारातून म्हणाली, "अक्का, तुमच्या तोंडून ह्ये कोण बोलतंय?"

मुलगी यंत्र घेऊन गेली. माणूस स्वतःला ऐकत नाही, म्हणूनच बोलू शकतं बहुतेक. मला मात्र तेव्हापासून माझंच ऐकू येतंय. आज शेळी शेजारच्या मेथीत शिरली. जाऊ म्हणाली, "अवो, हाक मारा की." मी तोंड उघडून शब्द निवडत उभी.