पनीरच्या पाण्यावरचा जाळ

आमच्या घरात सकाळ व्हायची ती पऱ्हाटीच्या धुरानं. बोरी अरबला अब्बांची खव्याची भट्टी होती, आणि कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी हेच आमचं जळण. अम्मी भट्टीपुढे बसून ती आत सारायची. तिचे डोळे बाराही महिने लाल. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचे डोळे लाल असतात.

मग कपाशीचे वाईट दिवस आले. कधी अळी, कधी भाव नाही. लोकांनी कपाशी मोडून सोयाबीन पेरलं, तशी पऱ्हाटीही पुरेनाशी झाली. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भुर्रकन जळतो; त्यावर खवा आटत नाही. गावातली लग्नं आटोपशीर व्हायला लागली, मग खवा घेणार कोण? उलट दूध मात्र वाढलं, कारण ज्यानं त्यानं शेतीला जोड म्हणून दारात म्हैस बांधली. दूध घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं अब्बांच्या जिवावर यायचं. त्यांनी यवतमाळच्या हॉटेलांसाठी पनीर करायला घेतलं. पनीरला जाळ कमी लागतो. त्यावर घर चाललं आणि माझी बीएस्सीही झाली, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

पण पनीर दाबलं की पाणी निघतं, हिरवट, आंबट, आणि पनीरपेक्षा कितीतरी जास्त. ते नालीतून गल्लीत यायचं आणि शेजारच्या काकांच्या विहिरीजवळ मुरायचं. हे काका शेतकरी, आम्हालाच दूध घालणारे. एका सकाळी ते दुधाच्या कॅनऐवजी बादली घेऊन आले.

"घ्या भाई. तुम्ही माह्या विहिरीचं ताक करून टाकलं. आता मीठ-जिरं तेवढं टाका."

अब्बा हसले नाहीत. बादलीचा वास त्यांनाही आला होता.

गोष्ट ग्रामपंचायतीत गेली. तिथं ठरलं, की पोळ्याच्या दिवशी नाली कोरडी दिसली नाही, तर भट्टीला कुलूप. त्यात चूक काय होतं? काकांच्या विहिरीवर सगळी गल्ली पाणी भरायची. पण भट्टी गेली तर आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

काकांच्या अंगणात गोबरगॅसची टाकी होती. बैलजोडी विकल्यापासून एका म्हशीचं शेण तिला पुरेना, म्हणून ती नुसतीच पडून होती, वर कोंबड्या बसायच्या. मी काकांकडे गेले.

"काका, ती टाकी मले द्या."

"कायले? लोणचं घालून राह्यली का त्यात?"

"तुमच्या म्हशीच्या शेणात जिवाणू असतात. ते आमचं पाणी खातील आन् गॅस देतील. गॅस आधी तुमच्या घरात."

काकू आतून म्हणाल्या, "बीएस्सी करून पोरगी शेण कालवणार म्हना!"

"हो काकू," मी म्हटलं, "पण शिकून कालवणार."

आणि कालवलं. शेणाचा काला टाकीत भरला, गॅस धरेपर्यंत थांबले, मग पनीरचं पाणी थोडं थोडं पाजायला लागले. टाकीतून बाहेर येणारं पाणी दगडगोट्यांच्या खड्ड्यातून झिरपून काकांनी चाऱ्यासाठी लावलेल्या हत्ती गवताला जायचं. काकूंच्या शेगडीवर निळा जाळ पेटला, तेव्हा अब्बा वाकून बघत राहिले. "धुआँ किधर है?" म्हणाले. अम्मीनं नुसता पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी तिच्या डोळ्यात धूर गेला नव्हता.

मग श्रावण लागला. लोकांनी मटण सोडलं, हॉटेलांना पनीर दुपटीनं हवं झालं. नेमकी तेव्हाच मी पदवीच्या कागदांसाठी काही दिवस यवतमाळला गेले होते. परत आले तर काकूंच्या शेगडीवर काडी धरली की काडीच विझत होती. टाकीच्या तोंडाशी आंबूस, कुजका वास. निळा लिटमस कागद बुडवला, लालभडक झाला.

"अब्बा, किती पाणी टाकलं?"

"पूरा," ते साधेपणानं म्हणाले. "चांगली खात होती ना टाकी. बेटा, भुकेल्याले अर्ध्या पोटी उठवतेत का?"

आमच्या घरातून कोणी अर्धपोटी उठलेलं मी कधी पाहिलं नाही. टाकीलाही त्यांनी पाहुण्यासारखंच वाढलं होतं. मी त्यांना पुस्तकातलं सांगत बसले नाही. म्हटलं, "अब्बा, खव्याखाली एकदम जाळ लावता का?"

"करपेल ना."

"तसंच झालं. आत दोन जातीचे जिवाणू आहेत. पहिले पाण्याचं आंबट करतात, ते चपळ. दुसरे ते आंबट खाऊन गॅस करतात, ते सुस्त. पहिल्यांना इतकं मिळालं, की दुसरे आंबटात बुडाले."

"मेले?"

"सगळे नाही. पण आता पाणी बंद. नवं शेण, आंबट मारायला चुन्याची निवळी, आणि सबुरी."

पाणी बंद म्हणजे पनीर बंद. तेही श्रावणात. अब्बांनी बोटांवर दुधाचा आणि पैशांचा हिशेब मांडला. मी सांगितलेलं खोटं ठरलं असतं, तर पनीरही गेलं असतं आणि भट्टीही. शेवटी उठून म्हणाले, "खव्यातून पाणी निघत नाही. पोळ्यापर्यंत खवाच करू. हॉटेलवाल्यायले मी सांगतो. तू टाकी पाहा."

माझ्या पदवीला मिळालेला मान म्हणाल तर तो हाच.

हॉटेलवाले चिडले. खवा पडून राहिला, गल्लीतली पोरं पेढे खाऊन कंटाळली. मी रोज कागद बुडवायचे. त्याचा लाल रंग फिका होत गेला, आणि एके दिवशी कागदानं रंगच बदलला नाही. पोळ्याच्या तोंडावर काडी धरली, ती विझली नाही. मग पुन्हा पाणी सुरू केलं, एकेक बादली, आणि बादली माझ्याच हातात ठेवली.

पोळ्याला काकांनी मातीचे बैल पुजले. काकूंनी पुरण त्याच गॅसवर शिजवलं. सरपंच आले, नालीत काठी फिरवली, काठी कोरडीच वर आली. हत्ती गवतापाशी जाऊन वास घेतला.

"आंबट नाई येत," ते म्हणाले. "गोठ्यावानी येते."

"गोठाच हाय तो," काका म्हणाले, "फक्त जनावरं बारीक हायेत."

भट्टीला कुलूप लागलं नाही. टाकी पचवेल तेवढंच पनीर अब्बा करू लागले. हिवाळ्यापर्यंत विहिरीचा वास गेला. खव्याला तो गॅस पुरला नाही, खवा पऱ्हाटीवरच आटत राहिला. पण पुढं काकांच्या अंगणातून आमच्याकडेही नळी आली, आणि पनीरचं दूध पनीरच्याच पाण्यावर तापायला लागलं.