दाताच्या बाईंचं नाव घेऊन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी हे सोडून बाकी सगळं बोलायची. लपवण्याचाही एक दिवस कंटाळा येतो माणसाला — तसं झालंय. थकले मी. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. मुलं मला घाबरायची. घाबरायलाच हवं, असं मला वाटे. छडी मी फारशी वापरत नसे — नाही, हेही खरं नाही. वापरत असे.

त्या वर्षी डॉक्टर मालतीबाई आल्या. मुंबईला दातांचं शिकलेल्या. नवऱ्याची मालवणात बदली झाली, म्हणून त्याही आल्या. आमच्याकडे दातांसाठी वेगळा डॉक्टर असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दाढ दुखली की लवंग, नाहीतर तंबाखूची चिमूट. त्यानेही भागलं नाही तर बाजारात एक माणूस होता, तो पक्कड लावून उपटून द्यायचा. बायका मिशेरी लावायच्या आणि पोरांच्या हिरड्यांवरही तेच बोट फिरवायच्या.

मालतीबाई दर बुधवारी एसटीने नाक्यापर्यंत यायच्या आणि तिथून वाळूतून चालत शाळेत. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून. पडवीत चटईवर बसायच्या आणि आधी स्वतःच आ करायच्या. मुलांनी त्यांचे दात बघायचे, आरशात आपले बघायचे. आंब्याच्या पानाने दात कसे घासायचे ते त्यांनी पोरांकडूनच शिकून घेतलं आणि पुढे त्यांनाच म्हणाल्या, "मागच्या दाढांपर्यंत पोचतं का बघा बरं." जत्रेतला गुळाचा खाजा खाऊ नका असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. खा, पण मग चांगली चूळ भरा — एवढंच. किडायच्या आधी जपायचं, हे त्यांचं सगळं शास्त्र.

आणि एक नियम. कुणाच्या तोंडात काही घालायचं झालं तर ते हत्यार आधी त्याच्या नखावर टेकवून दाखवायचं. मग सांगायचं, "तू हात वर केलास की मी थांबणार. कितीही काम राहिलेलं असू दे, थांबणार." आणि त्या थांबायच्या. मी पाहिलंय ना. एक पोरगा नुसती गंमत म्हणून सारखा हात वर करत होता, आणि त्या दर वेळी थांबत होत्या. माझ्या हातून त्याला केव्हाच फटका बसला असता.

बुधवार आला की पोरं नाक्यापर्यंत धावायची. 'दाताची बाई इली' म्हणून ओरडायची. मी वर्गात शिरले की तीच पोरं गप्प. हे मला लागायचं का? लागायचं. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

सरू माझ्या दुसरीच्या वर्गात होती. बाप मुंबईला गिरणीत, घरी आई आणि ती. वर्गात पाढे म्हण म्हटलं तर खाली बघत उभी राहायची, ओठ उघडायची नाही. पण मालतीबाईंच्या चटईवर बसली की हिची चिवचिव सुरू — म्हैस व्याली, बाबांचं पत्र आलं, आई विहिरीवर कशी घसरली. मी दारात उभी राहून ऐकायची. माझ्याशी ही पोरगी एवढं कधी बोलली होती?

सरूची खालची दाढ किडली होती. मालतीबाईंनी हळूहळू साफ केली, लवंगेच्या तेलाचा वास येणारा पांढरा लेप भरला, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही दुधाची दाढ नाही. दुधाचे दात पडायच्या आधीच त्यांच्या मागे येते, म्हणून लोकांना वाटतं हीसुद्धा पडून पुन्हा येणार. ही गेली तर दुसरी येत नाही. पण ही वाचेल. दुखायला लागलं तर मला निरोप पाठवा, बुधवारची वाट बघू नका. आणि कुणाला काढू देऊ नका, बाई."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यासाठी कुणी पळवाट शोधेल. सगळं नीट माहीत होतं.

सोमवारी सकाळी सरूचा लेप निघाला. गाल धरून रडत वर्गात आली. दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे होते. पाढे, कविता, सगळी तयारी व्हायची होती, आणि हिचं रडणं थांबेना. मालवणला जाणारी गाडी अजून सुटायची होती. कंडक्टरकडे निरोप दिला असता तर मालतीबाई दुपारपर्यंत आल्या असत्या. मग का नाही दिला? साहेब येणार म्हणून? घाई होती म्हणून? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण सरू रडता रडता म्हणाली होती, "दाताच्या बाईक बोलवा." माझ्याकडे न बघता म्हणाली. आणि माझ्या मनात आलं — ती कशाला हवी? मी आहे ना इथे.

मधल्या सुट्टीत मी तिला हाताला धरून बाजारात घेऊन गेले. दाढा उपटणाऱ्या त्या माणसाच्या दुकानापाशी ती थबकली. पक्कड पाहिली असणार. मला विचारलं, "दाताच्या बाईन सांगल्यान?"

मी हो म्हटलं. त्यांनीच सांगितलंय, म्हटलं. हा माणूस फक्त बघणार आहे, काढणार नाही, असंही म्हटलं.

लगेच बसली ती. माझ्या शब्दावर नाही बसली, त्यांच्या नावावर बसली. आ केला — मोठा, त्यांनी शिकवला होता तसा. त्या माणसाने पक्कड आत घातली, आणि सरूने हात वर केला.

मी तो हात धरला आणि खाली दाबून ठेवला.

पुन्हा सांगते, कारण इथवर येऊन दर वेळी मी दुसरीकडे बघते. तिने हात वर केला. तो का वर केलाय हे त्या दुकानात एकट्या मला माहीत होतं. आणि मी तो दाबून धरला, काम होईपर्यंत. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. ती दाराकडे बघत होती.

दाढ मोडली. मूळ आतच राहिलं. रात्रीतून गाल सुजला, ताप चढला. मंगळवारी साहेबांनी माझ्या वर्गाला चांगलं म्हटलं. बुधवारी मालतीबाई आल्या, तेव्हा सरूची आई पडवीत वाट बघत उभी होती.

"माझ्या चेडवाच्या तोंडाची काय दशा केलास ती येवन बघा," ती म्हणाली. "तुमी सांगलास म्हणानच काढली मां दाढ?"

मालतीबाईंना काही उमगेना. "मी? मी असं कुणालाच सांगितलं नाही."

"मगे बाई खोटा कित्याक बोलतीत?"

दोघी माझ्याकडे वळल्या. मागे पोरं उभी होती, सगळी. मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात ना, फारच दुखलं तर काढून टाका म्हणून?"

आवाज जराही कापला नाही माझा. मालतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालतील असं वाटलं होतं मला. त्या इतकंच म्हणाल्या, "आधी मुलीला बघू दे." पिशवी उचलून सरूच्या घरी गेल्या. सरूने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. शेवटी कुडाळच्या डॉक्टरने तिच्या जबड्याला चीर देऊन पू काढला. जगली पोर. हनुवटीखाली वण राहिला.

नंतरचे काही बुधवार मालतीबाई आल्या. नाक्यावर कुणी धावत गेलं नाही. चटईवर बसल्या तर पोरं ओठ मिटून लांब उभी. पुढेपुढे आया बुधवारी पोरांना शाळेतच पाठवेनात. आरसा पुढ्यात ठेवून त्या सुट्टी संपेपर्यंत बसून राहायच्या आणि मला नमस्कार करून जायच्या. मला एकदाही काही विचारलं नाही. मग यायच्या बंद झाल्या. पुढे नवऱ्याची बदली झाली, असं कानावर आलं.

मी सरूच्या आजारात रोज पेज घेऊन गेले. गावात माझं नाव झालं — बाई मायाळू. छडी मी सोडून दिली. त्याने काय होतं?

साठच्या दशकाच्या अखेरीस कसालच्या बाजारात एका बाईने मला हाक मारली. सरू होती. लग्न होऊन तिकडेच दिली होती. बोलताना तोंडावर पदर धरायची. कडेवर पोरगा, गाल टम्म सुजलेला, तोंडातून लाळ गळतेय.

मी म्हटलं, "अगं, डॉक्टरला दाखव ह्याला."

"नाय ओ बाई. हेका मी खंयच्याच डॉक्टराकडे नेवचंय नाय. त्या दाताच्या बाईन माका फसवल्यान, ता मी अजून इसराक नाय. तुमी बाजूक होतास म्हणान निभावला."

तो पोरगा माझ्याकडे बघत होता. दोन वाक्यांचं काम होतं. दाताच्या बाई तुझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या, सरू, मी बोलले. एवढं सांगितलं असतं तर कदाचित त्याला घेऊन ती कुडाळला गेली असती. माझी गाडी लागली होती. मी म्हटलं, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लाव," आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीतून ती दिसत होती, पोराला खांद्यावर घेऊन थोपटत होती. गाडी सुटेपर्यंत बराच वेळ गेला. मी खाली उतरले नाही.