अख्ख्या माणसाचं माप

दोन हजार पंधराची दिवाळी झाली आणि आठ दिवसांत घाटनांदूरजवळची ती वस्ती रिकामी झाली. पाऊस दडी मारून बसलेला, जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नाही. ट्रॅक्टर भरभरून माणसं सांगलीकडं तोडीला गेली. भिवराबाई मागं राहिली.

तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा शहादेव वारला त्या दिवसापासून भिवराबाई अर्धा कोयता झाली. तीन वर्षं विधुर दिराबरोबर जोडी लावून तिनं मोळ्या बांधल्या. दिरानं दुसरं लग्न केलं आणि ती जोडीही सुटली. यंदा मुकादम रामकिसन दारात उभ्याउभ्याच बोलला, "वैनी, अर्ध्याला कुठं बसवू? जोडी आना, एका पायावर नेतो." ट्रॅक्टरवरची माणसं हसली. तीही हसली, आत गेली आणि रिकामी कळशी उगीच इकडची तिकडं ठेवत बसली.

वस्तीत उरल्या म्हाताऱ्या, लेकरं आणि कुत्री. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो टँकरपाशी, तोही भांडणाचा. भिवराबाई कधीकधी हंड्यावरून मुद्दाम भांडण लांबवायची. घरी जाऊन बोलायचं कुणाशी?

अशात गावच्या शेती सोसायटीचा सचिव उत्तरेश्वर घरी आला. "उद्या आपल्या गोदामात मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर येणार हायत. निरोगी मानसांच्या हृदयाची मापं घ्यायचीत."

"निरोग्याचं काय बगायचं मेलं?"

"चांगलं हृदय केवढं असतंय ते ठरवायलेत. वस्तीत धडधाकट तुमीच उरल्या. तुमचं नाव धरतो."

"अर्धं का अख्खं?"

"अख्खं की!" उत्तरेश्वर हसत निघून गेला. भिवराबाई मात्र त्या एका शब्दाशी संध्याकाळपर्यंत बसून होती.

दुसऱ्या दिवशी ती पेटीतली साडी नेसून गेली. दुष्काळात खताची पोती आलीच नव्हती, त्यामुळे गोदाम मोकळंच. चादरीचा पडदा, एक बाकडं, टेबलावर छोटं मशीन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, एकट्याच सगळं करत होत्या. उंची चार फूट नऊ इंच, वजन एकोणचाळीस किलो. बीपी? न्हाई. साखर? न्हाई. दम लागतो? न्हाई.

"छातीत धडधड?"

भादव्यापासून होत होती. दुपारी घर शांत झालं की काळीज एकदम पळत सुटायचं, हातापायाला मुंग्या यायच्या. उंबऱ्यावर येऊन एखादं माणूस दिसेपर्यंत ती बसून राहायची.

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

डाव्या कुशीवर निजवून बाईंनी गार मलम लावलं, छातीवर यंत्राची मूठ टेकवली. मशीनच्या पडद्यावर काहीतरी उघडमीट करू लागलं. बाई मापं घेत होत्या, कागदावर लिहीत होत्या.

"कावून मापायलात ओ बाई? पुस्तकात नसतंय का?"

"असतं. पण ते उंचापुऱ्या, परदेशी लोकांचं. तुमच्या बांध्याच्या बाईचं हृदय आजारानं वाढलं, तरी त्या आकड्यांत ते नीटच दिसतं. डॉक्टर म्हणतो, जा, काही नाही झालेलं. म्हणून आपल्याकडच्या निरोगी माणसांची मापं हवीत. त्यावर इथल्या बायकांचं ठरणार."

भिवराबाई पडद्याकडं बघत राहिली. तिची लेक शिवकन्या तिच्याच बांध्याची, आत्ता सांगलीकडं मोळ्या वाहत असेल. उद्या तिला काही झालं आणि कुणी या कागदाकडं बघून म्हणालं, जा?

"बाई, मी मगाशी खोटं बोलले."

मूठ थांबली. "काय खोटं?"

"धडधडतंय. लई धडधडतंय."

बाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पेन घेऊन कागदावर आडवी रेघ मारली.

"खोडलंत?"

"खोडावं लागतं हो. त्रास असलेलं माणूस यादीत धरत नाहीत."

भिवराबाई उठून बसली आणि पदरानं मलम पुसू लागली. पुसून झालं तरी पुसतच होती.

"निजा," बाई म्हणाल्या.

"आता कशाला? यादीतनं तर गेले मी."

"यादीचं झालं. आता तुमच्यासाठी बघते. मापं तरी आत्तापर्यंत बरी दिसतायत. पण ठोक्यांची पट्टी काढावी लागेल, त्याला दवाखान्यात यायचं. कधी होते धडधड?"

"दुपारी. कुनी नसलं की."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. भिवराबाई पुन्हा कुशीवर निजली आणि सांगू लागली: टँकरचं, रामकिसनचं, लेकीचा फोन लागत नाही त्याचं. कुठलं धडधडीचं आणि कुठलं नाही, हे तिला वेगळं करता येत नव्हतं, आणि बाईही करायला सांगत नव्हत्या.

चादरीच्या पडद्याबाहेरून उत्तरेश्वरनं हाक दिली, "झालं का बाई? दुसऱ्या वस्त्यांवरची मानसं खोळंबलीत."

"न्हाई अजून," भिवराबाईच बोलली.