उजव्या हाताचा घास

आमचे हे मनमाडला रेल्वेत फिटर होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला, आणि त्यातलं मला आज सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ह्यांचं जेवण. ड्यूटीवरून आले की पाटावर बसायचे, कांद्यावर बुक्की मारायचे, भाकरी एका हातानं मोडायचे आणि शेवटी ताकभात कालवून ताट असं लख्ख करायचे की मला घासायला काही उरू नये. "अहो, सावकाश. गाडी सुटत नाहीये," मी चिडायचे. फार गोड दिवस होते ते, तेव्हा मात्र कळलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकरोडला आलो आणि तिसऱ्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही पुष्कळसं परत आलं, पण उजवा हात नुसता मांडीवर पडून. डाव्या हातानं घास घ्यायचा म्हणजे ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मी भरवायला गेले की तोंड घट्ट मिटायचे. डाव्या हातात चमचा धरलाच तर भिंतीकडे तोंड करून. मुलगी आणि जावई आले, तर "भूक नाही" म्हणून पांघरूण ओढून पडून राहिले. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी संतापण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाबरोबर एक यंत्र सुचवलं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्यानं डोक्याला बांधायचे आणि हातात मावेल एवढ्या यंत्रातून वीस मिनिटं अगदी सौम्य वीज सोडायची. चिरफाड नाही, सुई नाही. त्यानं मेंदू जरा जागा होतो, तेवढ्यात हाताला कामाला लावायचं, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीनं समजावलं. गुण येईलच याची खात्री नाही, हेही सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द बसला, वीज! म्हणून निघायच्या आधी मी वाटीभर खोबरेल ह्यांच्या टाळूवर जिरवलं. म्हटलं, डोकं थंड राहील.

तिकडे दवाखान्यात यंत्र सुरूच होईना. जरा चालायचं, पीं पीं करायचं, बंद पडायचं. त्या फिजिओवाल्या मुलीनं स्पंज पुन्हा भिजवले, पट्टा आवळला, तरी तेच.

"चल घरी," हे म्हणाले. "माझा मेंदूच गेलाय. यंत्र तरी काय करणार?"

तेवढ्यात त्या मुलीनं आपली बोटं एकमेकांवर चोळली आणि वास घेतला.

"काकू, काकांना तेल लावलंय?"

"लावलंय की. चांगलं चोळून."

"अहो, तेलातून वीज कशी जाणार?"

मी इतकी ओशाळले की रिक्षा करून एकटीच पळून जावंसं वाटलं. हे मात्र हसले, झटका आल्यापासून पहिल्यांदा. "एवढी वर्षं ही माझ्या डोक्यात काही शिरू देत नाही," त्या मुलीला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज शिकेकाईनं डोकं धुऊन आम्ही जायचो. डोक्याला स्पंज, समोर उजव्या हातानं उचलायला राजम्याचे दाणे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. कितीतरी दिवस दाणे जमिनीवरूनच गोळा करत होते मी. मग हळूहळू दोन-तीन दाणे बोटांत राहायला लागले. वीज, व्यायाम की ह्यांचा हट्ट, कशाचा गुण ते कोणी ठामपणे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढे एका रविवारी मुलगी आणि जावई जेवायला होते. मी ह्यांचं ताट आतल्या खोलीत नेत होते.

"इथंच ठेव," हे म्हणाले आणि आमच्यात येऊन बसले. उजवा हात वरणभातात घातला. भात निम्मा सदऱ्यावर सांडत होता. जावई खाली मान घालून जेवत राहिला. मला काही ते बघवेना. घास भरवायला मी हात पुढे केला.

ह्यांनी तो बाजूला सारला, त्याच भातानं माखलेल्या उजव्या हातानं.

"तू जेव," म्हणाले.